फिटनेस बँड: चांगला आहे, पण स्ट्रीकचे पैसे मागतो

बॅटरी, स्क्रीन, हार्टरेट यावर लिहीत बसत नाही. बॉक्सवर छापलंय, साधारण तसंच चालतं. माझं भांडण ‘स्ट्रीक’शी आहे, म्हणजे न चुकता सलग किती दिवस चाललो त्याचा ॲपमधला आकडा.

पट्टा तुटला म्हणून सर्व्हिस सेंटरला दिला. त्यांनी आठवडाभर ठेवून घेतला आणि शेवटी सांगितलं, पट्टा वॉरंटीत बसत नाही. हे पहिल्याच दिवशी सांगता आलं नसतं? त्या आठवड्यात मी रोज पहाटे रंकाळ्याला गेलो, पण हातात बँड नाही म्हणून ॲपच्या लेखी घरीच झोपलो होतो. स्ट्रीक शून्य. खाली बटण: वार्षिक प्लॅन घ्या, स्ट्रीक परत मिळवा. म्हणजे चालायचं मी, आणि चाललो याचे पैसेही मीच भरायचे! काउंटरवरच्या पोराला खडसावलं, तर म्हणतो, “काका, आकडा गेलाय, चाललेलं कुठं गेलंय?”

तेव्हा तळपायाची आग मस्तकात गेली. पण पोरगं बरोबर बोललं होतं.

याच आकड्यापायी पावसाळ्यात काय काय केलं! पंचगंगा राजाराम बंधाऱ्यावर 39 फुटांची इशारा पातळी ओलांडून 43 च्या धोका पातळीकडे निघालेली, गल्लीत सगळे पाणी कुठवर आलं ते विचारतायत, आणि मी जिन्यात वर-खाली. दहा हजार पावलं पुरी व्हायला पाहिजेत ना! हा दहा हजारचा आकडासुद्धा 1965 मध्ये जपानात विकायला काढलेल्या पावलं मोजायच्या यंत्राच्या नावातून आलाय, डॉक्टरांकडून नाही.

लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमधल्या फिलिपा लॅली आणि सहकाऱ्यांनी 96 जणांच्या सवयी 12 आठवडे तपासल्या. सवय अंगवळणी पडायला साधारण 66 दिवस निघाले, पण माणसागणिक अंदाज 18 पासून 254 पर्यंत. एखादा दिवस चुकला तर फारसं बिघडत नाही, हेही त्यातच आहे. तालमीत तर हे न वाचताच ठाऊक असतं. पोरगं गावच्या जत्रेला जाऊन दोन दिवसांनी उगवलं की वस्ताद शिव्या घालतात, जादा जोर मारायला लावतात आणि कुस्तीच्या हौद्यात उतरवतात. आधीची मेहनत कोण पुसत नाही.

आता बँडची बाजू. तासभर बसून राहिलं की मनगटावर जी थरथर होते, ती एक नंबर. दुकानात गल्ल्यावर बसणाऱ्याला याहून कामाची गोष्ट नाही. आधी ती कटकट वाटून बंद केली होती, आता तीच तेवढी चालू ठेवलीय. स्ट्रीकचा चौकोन सेटिंगमधून लपवता येतो, मात्र शोधायला वेळ लागतो.

पट्टा महाद्वार रोडला दीडशेत मिळाला, कंपनीच्यापेक्षा मऊ. घेणार असाल तर खुशाल घ्या, फक्त वार्षिक प्लॅनला हात लावू नका. त्याचे मेसेज दर रविवारी येतातच, आता म्हणे वीस टक्के सूट.