टोकन एजंटाच्या हाती की इसार मालकाच्या खात्यात?

जमीन पसंत पडली की एजंट म्हणतो, "आजच टोकन द्या, दुसरं गिऱ्हाईक तयार आहे." पण मालकाने त्याला पैसे घ्यायचा अधिकार दिलेला नसेल, तर मालक बांधला जात नाही. व्यवहार फिसकटला की एजंटाच्या मागे फिरायचं.

मालकाला चेकने इसार, म्हणजे सौदा पक्का करायची आगाऊ रक्कम, द्यायचा तर वेळ लागतो. सातबारा, फेरफार (मालकी बदलाच्या नोंदी) बघायचे, सगळ्या सहहिस्सेदारांच्या सह्या घ्यायच्या; बहिणींच्या तर आधी घ्या. पण इसारपावतीत गट नंबर, दर, मुदत, पैसे परत मिळण्याची अट, सगळं येतं. शिवाय १ जून २०१५ पासून २०,००० रुपये किंवा जास्त इसार रोखीने घेणं आयकर कायद्याने बंद आहे. घेणाऱ्याला तेवढाच दंड होऊ शकतो.

मी चेकच देईन. एजंटाची दलाली खरेदीखताच्या दिवशी.