गिटारचा मेटल टोन विकत घ्यायला गेलो आणि 25,849 रुपयांना बुडालो

आधीच सांगतो, हसायचं असेल तर आत्ताच हसून घ्या. बायको हसून झाली, ऑफिसात हसून झाले, पोलीस चौकीत तर एक जण रजिस्टरमागे तोंड लपवून हसला. मी गिटारचा "आवाज" विकत घेतला आणि त्यात 25,849 रुपये घालवले. आकडा एवढा पाठ आहे की झोपेत विचारलं तरी सांगेन.

मी काही कालचा पोरगा नाही हो. कॉलेजात असताना 2011 ला जनरलच्या डब्यातून बंगलोरला जाऊन मेटॅलिका बघून आलेला माणूस आहे, सोळा वर्षं गिटार वाजवतोय. आता पिंपरीत वन बीएचके, घरात दोन वर्षांची मुलगी, तिथे 120 वॅटचा 5150 हेड (स्पीकरशिवायचा गिटार अँप्लिफायर) लावला तर सोसायटीवाले मला हेडसकट खाली फेकतील. मग काय, इंटरफेस, लॅपटॉप, हेडफोन आणि नॅम, म्हणजे न्यूरल अँप मॉडेलर, अँपचा आवाज लॅपटॉपवर काढणारं सॉफ्टवेअर. सॉफ्टवेअर फुकट, आणि लोकांनी खऱ्या अँपची कॅप्चर्स, म्हणजे त्यांच्या आवाजाची नक्कल करणाऱ्या फाइली, करून हजारोंनी फुकट टाकून ठेवलीत हे तुम्हाला माहीतच आहे. मलाही माहीत होतं, हेच तर दुःख आहे.

पण माझा टोन घाणच येत होता. डब्यात माश्या कोंडल्यासारखा. कारण आता कळतंय, मी नुसत्या हेडचं कॅप्चर लावत होतो आणि पुढे कॅबचा (स्पीकरच्या खोक्याचा) आयआर, म्हणजे त्या खोक्याच्या आवाजाची फाइलच नव्हती. मग कोणीतरी सांगितलं म्हणून आयआर लावला, तर तोपर्यंत मी कॅबसकट घेतलेलं कॅप्चर उचललं होतं, म्हणजे कॅबवर कॅब, सगळं घोंगडीखालून वाजल्यासारखं. वैतागून एका गिटारवाल्यांच्या ग्रुपवर लिहिलं की बाबांनो रिदम टोन कोणी देता का. दहा मिनिटांत पर्सनलवर मेसेज. "दादा, टोन फुकटात येत नसतो, माझा स्टुडिओ आहे, खरा 5150 आणि खरा रेक्टिफायर अँप आहे, मी स्वतः कॅप्चर करतो."

माणूस गोड. शब्द सगळे बरोब्बर माहीत. एसएम 57 माइक स्पीकरच्या कोनच्या कडेला लावतो म्हणे, व्हिंटेज 30 चे स्पीकर, अँपच्या आधी ट्यूब स्क्रीमर पेडल, ड्राइव्ह शून्य लेव्हल फुल. एक सॅम्पल फाइल फुकट पाठवली आणि ती खरंच भारी वाजली, पाम म्यूट (तळहाताने तारा दाबून काढलेला ठोका) छातीत बसत होता. वाजणारच ना, ती कोणा दुसऱ्याने घाम गाळून केलेली होती. मी 2,499 ला 40 फाइलींचा पॅक घेतला.

क्यूआर स्कॅन केल्यावर वर नाव आलं ते भलत्याच कुठल्यातरी ट्रेडर्सचं. विचारलं तर म्हणाला मामाचं अकाउंट आहे. मामा! आणि मी "ओके भाऊ" लिहून पिन टाकला. स्कॅन केल्यावर जे नाव दिसतं ते समोरच्या माणसाचं नसेल तर तिथेच थांबा, मग तो मामा असो नाहीतर काका.

आता खरी जखम. पॅक चांगला होता पण 40 पैकी बऱ्याच फाइली सारख्याच वाटत होत्या. तसं बोललो तर म्हणे, "दादा तुमच्या पिकअपला (गिटारच्या तारांचा आवाज टिपणारा भाग) सूट होत नाहीयेत, तुमच्या गिटारला मॅच करून कस्टम कॅप्चर करून देतो, 6,500. तुमची डीआय (अँपशिवाय सरळ गिटारची) रेकॉर्डिंग पाठवा." मी रात्री मुलगी झोपल्यावर ड्रॉप सी ट्यूनिंगमध्ये आठ बारची एक रिफ रेकॉर्ड केली, चौथ्या बारला एक पाम म्यूट चुकला, म्हटलं जाऊदे त्याला काय करायचंय, पाठवली. आधी पैसे, मग काम, या नियमाने पैसेही पाठवले. 10 वाजून 42 मिनिटांनी फाइल गेली. 10 वाजून 53 मिनिटांनी "कस्टम" कॅप्चर आलं.

अकरा मिनिटं.

अहो, कॅप्चर करायचं म्हणजे तीन-एक मिनिटांचा ठरलेला टेस्ट सिग्नल अँपमधून वाजवायचा, माइकने परत रेकॉर्ड करायचा, आणि मग कॉम्प्युटरला ट्रेनिंगला बसवायचं. अँप गरम करणं आणि माइक लावणं तर मी धरतच नाही. आणि हे सगळं करताना हा माणूस माझ्याशी चॅटवर पाऊस किती पडतोय यावर गप्पा मारत होता! त्याहून मोठी गोष्ट म्हणजे त्या सगळ्यात माझ्या गिटारचा संबंधच कुठे येतो? कॅप्चर अँपचं होतं. टेस्ट सिग्नलला माहीतच नसतं की तुमच्याकडे कुठला पिकअप आहे. हे मला माहीत होतं. स्वतः दुसऱ्यांना समजावलंय. आणि तरी मी त्या माणसाला काय लिहिलं माहितीये? "वा भाऊ, फास्ट सर्व्हिस!" पुढे आगीचा इमोजी. तो स्क्रीनशॉट अजून आहे माझ्याकडे, डिलीट करवत नाही.

कोणी म्हणेल लोभ केलास. लोभ नाही, थकवा होता. दिवसभर शिफ्ट करून आलेल्या माणसाला रात्री अर्धा तास मिळतो, त्यात नॉब फिरवायचे की वाजवायचं? कोणीतरी तयार करून देतोय म्हटल्यावर विश्वास बसतो.

आणि विश्वास बसला म्हणून तिसरा खड्डा. त्याच्याकडे म्हणे केम्पर स्टेज आहे, अँपचे आवाज काढणारं मशीन, सेकंडहँड, 62,000 ला देतो, आणि "हीच कस्टम फाइल त्याच्यात डायरेक्ट चालेल". नॅमच्या फाइली वेगळ्या आणि केम्परचे प्रोफाइल वेगळे, गाढवालाही कळतं. हे गाढव तोवर 15,000 टोकन देऊन बसलं होतं. मग कुरियरच्या इन्शुरन्सचे 1,850, "रिफंडेबल". मग दोन दिवस फोन बंद. मग डीपी गायब. बेरीज करा.

तेव्हा कुठे माझं डोकं चाललं. नॅमची फाइल साध्या नोटपॅडमध्ये उघडते, बघा उघडून. लांबलचक आकडे असतात पण त्यातच कुठेतरी माहितीचा तुकडा असतो, अँप कुठला, कोणी कॅप्चर केलं, तारीख काय. माझ्या "कस्टम" फाइलमध्ये 'मॉडेल्ड बाय' पुढे कुठल्यातरी परदेशी माणसाचं नाव आणि 2023 सालची तारीख. त्या बिचाऱ्याला पत्ताही नसेल. मग रीपर या रेकॉर्डिंग सॉफ्टवेअरमध्ये दोन ट्रॅकवर तीच डीआय टाकली, एकावर 6,500 वाली फाइल आणि दुसऱ्यावर पॅकमधली सात नंबरची, एकाची पोलॅरिटी उलटी केली (दोन्ही आवाज तंतोतंत सारखे असले तर ते एकमेकांना खाऊन टाकतात) आणि प्ले दाबलं. शांतता. मीटरची काडीसुद्धा हलली नाही. म्हणजे तीच फाइल, नाव बदललेली. नुसती साईज सारखी दिसली म्हणून कोणाला चोर म्हणू नका, नॅमच्या फाइलींची साईज बऱ्याचदा सारखीच असते, ही उलटी करून ऐकायची टेस्ट करा.

आता पोलीस. 1930 या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला त्याच दिवशी, त्याच तासाला फोन करा. मी लाजेपोटी नऊ दिवसांनी केला, ती माझी चूक, तक्रार नंबर मिळाला. पण चौकीत जे झालं ते माझी चूक नाही. तिथे पहिला प्रश्न, "साउंड म्हणजे? डीजेचा का?" अर्धा तास समजावलं. मग साहेब म्हणाले, "फाइली मिळाल्या ना तुम्हाला?" म्हटलं मिळाल्या, पण त्या फुकटच्या आहेत. "फुकटच्या कुठे, तुम्ही पैसे दिलेत की!" यावर काय बोलणार सांगा. म्हटलं साहेब 15,000 च्या टोकनचं तरी घ्या, कलम 318 लागतं, पूर्वीचं 420. तर चेहरा असा केला की जणू मीच आरोपी. "तुम्ही शिकलेले दिसता, मग असं कसं केलंत?" हा प्रश्न मला चौकीत तीन जणांनी विचारला, त्यातला एक चहावाला होता. अकाउंट दुसऱ्या राज्यातलं म्हणून वरच्या मजल्यावर जा, वरचे साहेब बंदोबस्ताला, सोमवारी या, सोमवारी प्रिंट रंगीत नाहीत म्हणून परत. चॅटच्या 64 पानांची रंगीत प्रिंट दहा रुपये पानाने काढली, ते 640 तर मी बेरजेत धरलेच नाहीत. बँकेत गेलो तर काउंटरवरची मॅडम एकच वाक्य, "पिन तुम्हीच टाकला ना सर?" हो बाई, मीच टाकला, चार वेळा टाकला, अजून किती वेळा कबूल करू? दोन महिने होत आले, एक फोन नाही. माझी सुट्टी गेली चार दिवसांची ती वेगळीच.

टोन म्हणाल तर आता चांगला येतो, आणि फुकट येतो. हेडचं कॅप्चर, पुढे एकच कॅबचा आयआर, हेडच्या आधी ट्यूब स्क्रीमर, गेन तुम्हाला वाटतो त्याच्या निम्मा, 80 ते 100 हर्ट्झच्या खालचं कापून टाका, ते काम बेसचं आहे. आणि रिफ दोनदा वेगवेगळी वाजवून एक डावीकडे एक उजवीकडे, कॉपी-पेस्ट नाही, दोनदा वाजवायची. जाड आवाज त्यातूनच येतो. यातलं काहीही विकायला कोणी आला तर ब्लॉक करा. स्टुडिओ आहे म्हणाला तर व्हिडिओ कॉलवर तुम्ही सांगाल तो नॉब फिरवायला सांगा, मी नाही सांगितलं.

परवा मित्राने एक क्लिप पाठवली, नवीन नाव, नवीन डीपी, "अल्टिमेट मेटल पॅक, फक्त 2,999". म्हणजे 500 ने भाव पण वाढवलाय. डेमो ऐकायला लावला. ड्रॉप सी, आठ बारची रिफ, मागे ड्रम्स टाकलेत. चौथ्या बारला पाम म्यूट चुकलाय.