बेलचा पिवळा गाऊन की सिंड्रेलाचा निळा: घरी शिवायला कोणता घ्यायचा?

डिस्नेच्या सिनेमांतल्या या दोन नायिकांचे दोन्ही गाऊन मी घरच्या मशीनवर शिवलेत. पिवळा मामेबहिणीच्या रिसेप्शनला स्वतःसाठी आणि निळा भाचीच्या कॉलेजच्या गॅदरिंगला, त्यामुळे कोणी विचारलं की पहिल्यांदाच गाऊन शिवतेय, या दोघींपैकी कोणाचा घेऊ, तर माझं उत्तर पिवळा. पण निळ्याचा मोह का होतो तेही मला पक्कं माहितीय, म्हणून सगळं नीट लिहिते.

आधी कुठला पिवळा आणि कुठला निळा ते ठरवा, कारण कार्टूनमधला वेगळा आणि नटीने घातलेला वेगळा. 1991 च्या 'ब्युटी अँड द बीस्ट'मध्ये बेलचा गाऊन सोनेरी, खांद्यावरून उतरलेला. 2017 मध्ये एमा वॉटसनने घातला तो जॅकलीन डुरानने केलेला, जवळजवळ 180 फूट सॅटिन ऑर्गन्झा (पातळ, पारदर्शक पण ताठ राहणारं कापड), वरच्या थरांवर सोनेरी नक्षी, 2,160 स्वारोव्स्की खडे, आणि आत कॉर्सेट, म्हणजे कंबर आवळणारी ताठ चोळी, नाही कारण एमाला ते नकोच होतं. सिंड्रेलाचं तर गंमतशीर आहे, 1950 च्या कार्टूनमध्ये तिचा गाऊन चंदेरी-पांढराच दिसतो, निळा आपल्या डोक्यात बसला तो बाहुल्या आणि खेळण्यांमुळे. 2015 च्या सिनेमात लिली जेम्सचा गाऊन मात्र खराखुरा निळा, सँडी पॉवेलने केलेला, 10,000 हून जास्त खडे आणि एकावर एक डझनभर पातळ थर. आत कॉर्सेट इतकं घट्ट की शूटिंगच्या दिवसांत लिली पातळ पदार्थांवरच राहायची असं तिनेच सांगितलंय. दोन्ही कपड्यांना ऑस्करचं नॉमिनेशन होतं. मी 2017 चा पिवळा आणि 2015 चा निळा धरून बोलतेय.

या दोघांतला खरा फरक रंगाचा नाही, वजन कुठे येतं त्याचा आहे. पिवळा खांद्यावरच्या पट्ट्यांना टांगलेला असतो, वरचा भाग म्हणजे आपला प्रिन्सेस कट ब्लाउजच, अस्तर लावलेला. ब्लाउज शिवता येत असेल तर अर्धं काम तुम्हाला आत्ताच येतंय. निळ्याची गळ्याची कड दंडापर्यंत खाली उतरते, म्हणजे खांद्याचा आधार गेला, आणि एवढा मोठा घेर सगळा कमरेवर आणि छातीखाली तोलायचा. त्यासाठी आत वेगळी चोळी लागते, जाड कॉटनची, दर शिलाईत प्लॅस्टिकचं बोनिंग, म्हणजे ताठ ठेवणाऱ्या पट्ट्या, घातलेली, आणि कमरेला आतून एक न ताणणारी पट्टी जी आधी हुकने बांधायची आणि मग मागची चेन लावायची. ही पट्टी सोडली की गाऊन दर दहा मिनिटांनी खाली येतो आणि मुलगी सारखी वर ओढत बसते. भाचीचा पहिला ट्रायल असाच गेला, ती रडकुंडीला आली, मी दोन रात्री बसून आतली चोळी पूर्ण उसवून परत केली. म्हणून सांगते, निळा करायचा तर आतली चोळी आधी मांजरपाटात शिवा, घालून बसा, उठा, हात वर करा, आणि मगच पुढे जा.

आता कापड. 28 इंच कंबर आणि 42 इंच लांबी धरली तर पूर्ण गोल घेराचा खालचा काठ जवळपास 7.4 मीटर येतो, एका थराचा. पिवळ्याला मी आत सॅटिन आणि वर ऑर्गन्झाचे दोन थर घेतले. सॅटिन 58 इंची पन्ह्यात मिळतं, त्यात गोल चार तुकड्यांत बसतो, 5 मीटर पुरतं. पण ऑर्गन्झा बहुतेक ठिकाणी 44 च्या पन्ह्यात, त्यात एवढा चौथाई गोल बसतच नाही, मग 12 कळ्या काढायच्या, एक सुलटी एक उलटी ठेवून पन्ह्यात दोन बसतात, एका थराला 7 मीटर, दोन थरांना 14. कळ्यांचा घागरा शिवलेल्या कोणालाही हे नवं नाही आणि कळ्यांमुळे घेर उभा पण छान राहतो.

निळ्याला ऑर्गन्झाचा हट्ट धरू नका. तिथे मऊ नेट घ्या, रुंद पन्ह्याची मिळते, एका थराला 4.7 मीटर, पाच थर केले तर साडेतेवीस मीटर, आणि आतलं सॅटिन वेगळं. आकडा ऐकून घाबरायला होतं पण नेटचे धागे निघत नाहीत, म्हणजे कापून तशीच सोडायची, काठ शिवायचाच नाही. ऑर्गन्झाचे पाच थर घेतले असते तर 37 मीटर काठ दुमडत बसले असते. नेटला ऑर्गन्झासारखी चमक नाही हे खरं, तेवढं सोडून द्यावं लागतं.

ऑर्गन्झा शिवायला मात्र त्रास देतो, तेही लपवत नाही. माझ्या मशीनला 16 नंबरची सुई असते, तिने टीप मारली की कापड गोळा होतं. 9 किंवा 11 ची सुई लावा, टाका लहान ठेवा, आणि शिलाई फ्रेंच पद्धतीने दोनदा मारा, म्हणजे आधी सुलट बाजूने आणि मग उलटवून परत, कडा आत झाकल्या जातात, नाहीतर आतले धागे बाहेरून दिसतात. इस्त्री मध्यम, वर सुती कापड टाकून, नाहीतर पॉलिस्टर ऑर्गन्झा सरळ वितळतो. हे सगळं जमतं, फक्त सावकाश.

रंगाबद्दल माझं स्पष्ट मत आहे. पिवळ्यात लिंबू रंग घेऊ नका, आपल्याकडे लग्नघरात लिंबू-पिवळं घातलं की सगळ्यांना हळदीचा कार्यक्रम वाटतो, आणि सावळ्या रंगावर तो उठतही नाही. जुन्या सोन्याकडे झुकणारा, थोडा मोहरीसारखा घ्या, तो संध्याकाळच्या लाइटमध्ये इतका सुंदर दिसतो की खडे कमी असले तरी चालतं. मी रविवार पेठेतून सोनेरी टिकल्या आणल्या होत्या आणि फक्त खालच्या वीतभर काठावर लावल्या, पुरे झालं. निळ्याची जादू मात्र रंगातच आहे आणि इथे निळा पिवळ्याला हरवतो. एकाच निळ्याचे पाच थर लावले तर तो शाळेच्या नाटकातला ड्रेस वाटतो. सगळ्यात आत गडद निळा, मग आकाशी, मध्ये एक थर फिक्या जांभळ्याचा, वर परत आकाशी, असं केलं की चालताना रंग बदलतो, पाण्यात शाई सोडल्यासारखा. भाची स्टेजवर वळली तेव्हा तो जांभळा एक क्षण दिसला आणि त्या दोन रात्री वसूल झाल्या.

घालून वावरायचं कसं तेही बघा. पिवळ्याला साधा कॅनकॅनचा, म्हणजे कडक नेटचा, परकर पुरतो, रिक्षात बसता येतं, जेवता येतं, नाचता येतं. निळ्याला रिंगचा परकर लागतो, रिक्षा विसरा, गाडीतही मागची सीट पूर्ण लागते, आणि वॉशरूमला सोबत कोणीतरी हवं. रिसेप्शनला चार तास उभं राहून जेवायचंय तर पिवळा, तासाभराचा कार्यक्रम आणि फोटोशूट असेल तर निळा विचारात घ्या. वेळ म्हणाल तर पिवळा मला पाच रविवार लागला, निळा जवळपास दुप्पट.

नंतरच्या वापराचं पण, पिवळ्याच्या कळ्या उसवून मी पुतणीला फ्रॉक केला, वर ओढणी पण निघाली. निळी नेट अजून कपाटावर पिशवीत आहे, तिचं काय करायचं सुचत नाही.

दोन्हीला एक काम सारखंच, ते टाळू नका. घेर कमरेला जोडून झाला की गाऊन एक पूर्ण दिवस-रात्र हँगरला लटकवून ठेवा आणि मगच खालचा काठ कापा. जिथे कापड उरेब, म्हणजे तिरकं, पडतं तिथे ते लोंबून दोन-दोन इंच खाली येतं, आधी कापलात तर बाजूने घेर जमिनीला लागतो आणि पुढून पाय दिसतात. काठ मापताना ज्या चपला घालणार त्याच पायात हव्या, आणि मापायला दुसरी व्यक्ती, स्वतः वाकून मापलं की हमखास चुकतं.