प्रवासासाठी डेस्कटॉपचं कॅबिनेट घेताय? लिटर नका मोजू, जाडी मोजा

फ्रॅक्टल डिझाइनचं टेरा हे कॅबिनेट मी लग्नाच्या सीझनला कामासाठी वापरतोय, आणि काम म्हणजे सेम डे एडिट. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, सकाळी मुहूर्त लागतो, दुपारी पंगती उठतात आणि संध्याकाळी रिसेप्शनला स्टेजमागच्या एलईडी वॉलवर सकाळच्याच लग्नाची चार-पाच मिनिटांची फिल्म चालली पाहिजे. मधल्या तासांत मंगल कार्यालयाच्या एखाद्या खोलीत, मावश्यांच्या बॅगा आणि रुखवताची खोकी बाजूला सारून, दोन-तीन कॅमेऱ्यांचं फोरके फुटेज कॉपी करायचं, कापायचं, कलर करायचं, एक्सपोर्ट मारायचं. आज कोल्हापूर, परवा अलिबाग, पुढच्या आठवड्यात गोवा असं चालू असतं, त्यामुळे कॉम्प्युटर सोबत फिरतो.

आता पहिला प्रश्न सगळे हाच विचारतात की लॅपटॉप का नाही घेत रे बाबा. घ्या की, मी कुठे नाही म्हणतोय. पण एनव्हीडियाचं ग्राफिक कार्ड घ्या, लॅपटॉपमधलं ४०७० आणि डेस्कटॉपचं ४०७० यात फक्त नाव सारखं आहे, चिपच वेगळी आहे, लॅपटॉपवाल्यात ८ जीबी मेमरी आणि डेस्कटॉपवाल्यात १२ जीबी, आणि दाविंची रिझॉल्व्ह या एडिटिंगच्या सॉफ्टवेअरमध्ये नॉइज रिडक्शन लावलं की ती मेमरी कुठे गेली ते कळतही नाही. शिवाय लॅपटॉपचं ग्राफिक कार्ड गेलं की बहुतेक वेळा अख्खा मदरबोर्ड बदला. डेस्कटॉपचं कार्ड गेलं तर मुंबईत लॅमिंग्टन रोडला किंवा पुण्यात तापकीर गल्लीत जाऊन संध्याकाळपर्यंत दुसरं टाकून कामाला लागता येतं. सीझनमध्ये हे फार मोठं आहे.

तर कॅबिनेट. या छोट्या कॅबिनेटच्या जगात सगळे लिटरमध्ये बोलतात. हे १८ लिटरचं, ते १० लिटरचं, अमुक ७ लिटरचं. ऐकायला छान वाटतं, पण प्रवासासाठी घेणाऱ्या माणसाला त्या आकड्याचा उपयोग फार कमी. एक तर हे लिटर बऱ्याचदा पाय आणि बाहेर आलेले भाग सोडून मोजलेले असतात. कूलर मास्टरचं एनआर२०० घ्या, कंपनी म्हणते १८.२५ लिटर, पण पायांसकट माप ३७६ बाय १८५ बाय २९२ मिलीमीटर, गुणाकार करून बघा, २० च्या वर जातं. टेरा १०.४ लिटरचं, पण ३४३ बाय १५३ बाय २१८ चा गुणाकार ११.४ येतो. बॅगेत पायसुद्धा जातात ना, ते काय घरी ठेवून येणार?

दुसरं म्हणजे लिटर सारखे असले तरी आकार वेगळा असतो. खांद्यावरच्या सॅकमध्ये जे जातं त्याची जाडी १५-१६ सेंटीमीटरच्या आत असली तर ते पाठीला चिकटून राहतं आणि चालता येतं, १८-१९ झाली की सॅक मागे लोंबते आणि एसटीच्या दारातून आडवं व्हावं लागतं. लांबी-उंची दोन-तीन सेंटीमीटर इकडेतिकडे झाली तर काही बिघडत नाही. म्हणून मी दुकानात गेलो की आधी जाडी बघतो, मग वजन, आणि मग तिसरी गोष्ट जी कोणीच बघत नाही, ती म्हणजे प्रत्येक प्रवासाच्या आधी या डब्यातून काय काय काढावं लागणार आहे.

या तिसऱ्या गोष्टीवर थोडं थांबतो. एनआर२०० हे २०२० चं कॅबिनेट, आणि पैशाच्या मानाने आजही त्याला तोड नाही असं माझं मत. प्रोसेसर थंड करणारा १५५ मिलीमीटर उंचीचा टॉवर कूलर बसतो, ३३० मिलीमीटरचं कार्ड बसतं, सगळी पॅनल हाताने निघतात, थंड राहतं. घरून कॉलेजला, कॉलेजवरून घरी, वर्षातून चार वेळा गाडीने न्यायचं असेल तर डोळे झाकून हेच घ्या. पण आतली रचना नेहमीच्या डेस्कटॉपसारखीच आहे, म्हणजे मदरबोर्ड उभा, त्यात काटकोनात कार्ड अडकवलेलं, आणि कूलरही बोर्डावरून बाहेर आलेला. उभं ठेवून खड्ड्यातून नेलं की एक-दीड किलोचं कार्ड स्लॉटवर लोंबत हिसके खातं. त्यामुळे एक तर कॅबिनेट आडवं झोपवून न्यायचं, म्हणजे बोर्ड खाली आणि कार्ड उभं राहील असं, नाहीतर दर वेळी कार्ड काढून वेगळं पॅक करायचं. वर कॅबिनेट रिकामंच पाच किलोच्या आसपास, भरलं की खांदा बोलायला लागतो. आणि एनआर२००पी घेतलं तर त्यातली काच घरी काढून ठेवा, बरोबर जाळीचं पॅनल येतं तेच लावा, प्रवासाला काच कशाला हवी.

याउलट टेरा, लियान लीचं ए४-एचटूओ, जुनं डॅन ए४ ही सगळी सँडविच रचनेची. मधे एक पातळ भिंत, एका बाजूला मदरबोर्ड, दुसऱ्या बाजूला पाठीला पाठ लावून ग्राफिक कार्ड, आणि दोघांना जोडणारी रायझर नावाची पट्टीसारखी केबल. कार्डाचा भार मदरबोर्डच्या स्लॉटवर येतच नाही, ते मागच्या ब्रॅकेटला स्क्रूने धरलेलं असतं. त्यामुळे उभ्याने नेलं तर कार्ड न काढता नेता येतं, फक्त कार्डाचं शेपूट आणि पॅनल यांच्यामध्ये फोमचा तुकडा सरकवायचा म्हणजे ते हलत नाही, आणि पोचल्यावर चालू करायच्या आधी तो न विसरता काढायचा. माझ्यासाठी निर्णय इथेच झाला, बाकी सगळं नंतर.

डॅन ए४-एसएफएक्स हे या सगळ्यांचं मूळ म्हणा हवं तर. २०१६ ला किकस्टार्टरवर लोकांकडून पैसे गोळा करून आलं, ७.२ लिटर, जाडी फक्त ११५ मिलीमीटर! आजही तो आकडा बघून जीव जळतो. पण त्यात प्रोसेसरचा कूलर ४८ मिलीमीटरपर्यंतच, आणि आता नवं मिळवणं अवघड आहे, त्यामुळे त्याचं फक्त कौतुक करायचं आणि पुढे जायचं. ए४-एचटूओ हे त्याच डिझायनरच्या भागीदारीत लियान लीने २०२२ ला काढलेलं, ११ लिटर, जाडी १४० म्हणजे टेरापेक्षाही कमी, पण उंची २४४. त्यात २४० मिलीमीटरचा लिक्विड कूलर, म्हणजे पंपाने द्रव फिरवून थंड करणारा, बसतो हा त्याचा मोठा गुण आहे, आणि मला तोच नको होता. चालू एडिटमध्ये पंपाने मान टाकली तर कार्यालयात कोणाकडे जाणार? एअर कूलरचा पंखा बंद पडला तर तिथल्या इलेक्ट्रिशियनकडून झिप टाय घेऊन कुठलाही १२० मिलीमीटरचा पंखा बांधून वेळ मारून नेता येते. ज्यांना तापणारा मोठा प्रोसेसर वापरायचाच आहे त्यांनी मात्र ए४-एचटूओच बघावं, टेरात त्याचे हाल होतील.

टेराची गंमत म्हणजे ती मधली भिंत सरकते. कार्ड जाड असेल तर भिंत बोर्डाकडे ढकला, कूलर उंच हवा असेल तर कार्डाकडे. दोन स्लॉट जाडीचं बारीक कार्ड टाकलं तर कूलरला ७७ मिलीमीटर मिळतात, ७२ मिलीमीटर जाडीचं कार्ड टाकलं तर ४८ च उरतात. म्हणजे दोन्हीकडून लाड होणार नाहीत, आधी कार्ड ठरवा आणि मग कूलर घ्या. मी दोन पंख्यांचं, दोन स्लॉटपेक्षा किंचित जाड असं ४०७० घेतलं कारण त्याची वीज २०० वॉटच्या आसपास आहे, आणि प्रोसेसर ६५ वॉटवाला रायझन ७ ७७००. हे जोडीने बरं चालतं. एक्सपोर्टला पंख्यांचा आवाज येतो, नाही असं नाही, पण शेजारच्या हॉलमध्ये बेंजो चालू असताना तो कोणाला ऐकू येणारे.

उष्णतेबद्दल खरं सांगायचं तर टेरा थंड कॅबिनेट नाहीये. खाली एक १२० चा पंखा लावायची जागा आहे तो नक्की लावा. पॅनलच्या फटी भरपूर आहेत पण डस्ट फिल्टर नाहीत, आणि आपल्याकडे एप्रिल-मेमधल्या लॉनवरच्या लग्नात जी धूळ उडते ती कुठे जाते हे आठवड्याने उघडून बघितलं की कळतं. मी शिलाईच्या दुकानातली बारीक नायलॉनची जाळी कापून आतून चिकटवली, तापमान दोन-तीन डिग्री वाढलं, चालतंय. कोकणात, समुद्राजवळच्या रिसॉर्टवर राहायचं असेल तर रात्री काम झालं की झाकून ठेवा, खारी हवा कोणालाच सोडत नाही.

रायझरबद्दल एक सावधगिरी. टेरासोबत येणारी रायझर पीसीआयई ४.० ची आहे, पीसीआयई म्हणजे कार्ड आणि मदरबोर्ड यांच्यातली जोडणी. एनव्हीडियाची ५० सीरिजची नवी कार्डं ५.० ची आहेत, त्यामुळे पहिल्यांदा चालू करताना डिस्प्लेच आला नाही किंवा मधेच काळं झालं तर कार्ड गेलं म्हणून रडत बसू नका, प्रोसेसरमध्ये ग्राफिक्स असेल तर मदरबोर्डच्या पोर्टला मॉनिटर लावा, बायोसमध्ये, म्हणजे मदरबोर्डच्या सेटिंगमध्ये, जाऊन स्लॉट जेन ४ वर, म्हणजे ४.० वर, फिक्स करा, बहुतेक वेळा तिथेच सुटतं. स्पीडमध्ये फरक जाणवत नाही. आणि जुनी, सेकंडहँड सँडविच कॅबिनेटं घेताना रायझर नीट तपासा. एनझेडएक्सटीचं एच१ कॅबिनेट २०२१ ला रायझरपायीच परत बोलावलं गेलं होतं, स्क्रूमुळे शॉर्ट होऊन पेट घ्यायची भीती होती, त्यामुळे ही बारीक गोष्ट नाही.

एसएमपीएस, म्हणजे वीज पुरवणारा डबा, छोट्या एसएफएक्स मापाचाच लागतो, नेहमीचा मोठा बसत नाही, आणि इथेच बजेट फाटतं. मिनी आयटीएक्स मदरबोर्ड म्हणजे १७ बाय १७ सेंटीमीटरचा चौकोन, तोही मोठ्या बोर्डापेक्षा महाग. टेराची किंमत लाँचलाच १८० डॉलर होती, आपल्याकडे एनआर२०० पेक्षा बरीच जास्त पडते. दिसायला सुंदर आहे हे मान्य, समोर खऱ्या अक्रोडाच्या लाकडाची पट्टी आहे, नवरीचे काका येऊन हा रेडिओ आहे का विचारतात. पण अॅल्युमिनियमच्या पॅनलवर ओरखडे लगेच उठतात, त्यामुळे सॅकमध्ये नुसतं कोंबू नका, आतून जाड फोम हवा. फोटोग्राफरच्या मोठ्या कॅमेरा बॅगेतले कप्पे काढून टाकले की टेरा उभं बसतं आणि बाजूला पोर्टेबल मॉनिटरही जातो. हँडल मात्र नाही, आणि ते असायला हवं होतं, खोलीतून स्टेजमागे नेताना लहान बाळासारखं छातीशी धरून न्यावं लागतं.

विमानाचं वेगळं गणित. देशातल्या विमानात इकॉनॉमीला हातातल्या बॅगेला साधारण ७ किलो, इंडिगोत मापाची बेरीज ११५ सेंटीमीटर. मापात टेरा आरामात बसतं, वजनात अडतं, भरलेलं कॅबिनेट ७ च्या आत येईल असं धरून चालू नका, घरी काट्यावर ठेवून बघा. आम्ही काय करतो, विमान असेल तेव्हा कार्ड काढून असिस्टंटच्या लॅपटॉप बॅगेत देतो, बाकी कॅबिनेट माझ्याकडे. चेक-इनला मुळीच देऊ नका, सामान कसं फेकतात ते खिडकीतून दिसतंच. सिक्युरिटीला स्वतःहून बाहेर काढून ट्रेमध्ये ठेवा आणि कॉम्प्युटर आहे म्हणून आधीच सांगा, कधी पॅनल उघडायला लावतात, टेराचं पॅनल स्क्रू ड्रायव्हरशिवाय उघडतं हा तिथे मोठा फायदा. आत लिथियमचं म्हणाल तर मदरबोर्डवरची नाण्याएवढी बॅटरी तेवढी, तिचा प्रश्न येत नाही.

स्टोरेज फक्त एम.२ ठेवा, म्हणजे मदरबोर्डवरच बसणारी एसएसडी. फिरणारी हार्ड डिस्क या डब्यात घालून घाट उतरू नका, बॅकअपची वेगळी न्या.

ज्यांना ग्राफिक कार्ड लागतच नाही, म्हणजे अकाउंट्स, कोडिंग, साधं फोटोशॉप, त्यांनी हे वरचं सगळं सोडून द्यावं. अॅझरॉकचं डेस्कमिनी एक्स३०० दोन लिटरच्या आत आहे, लॅपटॉपची रॅम घेतं, बाहेरच्या अडॅप्टरवर चालतं, सॅकच्या पुढच्या कप्प्यात जातं. आणि ज्यांचं काम अॅपलच्या फायनल कटवर होतं त्यांना तर २०२४ चा मॅक मिनी आहे, १२.७ सेंटीमीटरचा चौकोन आणि पाऊण किलोपेक्षा कमी वजन, त्याच्यापुढे माझं हे बाळ म्हणजे गोणपाटच. मला रिझॉल्व्ह आणि थ्रीडीसाठीचं ब्लेंडर दोन्ही एनव्हीडियावर हवंय, पार्ट स्वतः बदलता यायला हवेत, म्हणून मी इकडे आहे.

आणि पॉवर केबल जास्तीची ठेवा, ६ अँपियरच्या पिनची. मोठ्या एसएमपीएसबरोबर कधी कधी जाड १६ अँपियरच्या पिनची केबल येते आणि कार्यालयाच्या खोलीत तसं सॉकेट एकच असतं, तिथे आधीच इस्त्री किंवा गिझर लागलेला असतो, आणि नवरीची साडी इस्त्री होत असताना तो प्लग काढायची हिंमत अजून तरी माझ्यात नाही.