मेपिलेक्स: रेडिएशनच्या जुन्या जखमेला न चिकटणारी पट्टी

कॅन्सरचं रेडिएशन संपून कित्येक महिने, कधी कित्येक वर्षं झाल्यावर छातीवर किंवा मानेवर कातडी फुटते आणि ती जखम भरायचं नाव घेत नाही. तिथल्या बारीक रक्तवाहिन्या बुजत गेलेल्या असतात, कातडीखालचा भाग आवळून कडक झालेला असतो, ऑक्सिजन पुरेसा पोचत नाही. अशा जखमेवर सुकं गॉज लावलं की ते स्रावात वाळून बसतं आणि काढताना खालचा कोवळा लाल थर उपटून आणतं. चार दिवसांची कमाई एका ओढीत जाते. ती ओढ वाचवायची, एवढ्यासाठी मेपिलेक्सला पैसे मोजावेत.

ही मऊ फोमची पट्टी आहे. जखमेकडच्या बाजूला सिलिकॉनचा थर असतो. तो कोरड्या कातडीला हलकासा धरतो, ओल्या जखमेला धरत नाही. स्राव फोममध्ये शोषला जातो, आणि वरची पातळ फिल्म पाणी आत येऊ देत नाही पण वाफ बाहेर सोडते. कडेला चिकट पट्टा असलेली, ‘बॉर्डर’ प्रकारची पट्टी स्वतःच चिकटते. साधी मात्र वरून बँडेजने किंवा जाळीच्या नळीने धरून ठेवावी लागते. रेडिएशनच्या कातडीसाठी आमची पसंती साधीला. कागदी चिकटपट्टीसुद्धा त्या कातडीवर नको, सोलून निघते.

लावताना जखम अंगाइतक्या कोमट नॉर्मल सलाइनने (निर्जंतुक मिठाच्या पाण्याने) धुवा, घासू नका. भोवतालची कातडी टिपून पूर्ण कोरडी करा. जखमेच्या कडेबाहेर सगळीकडून किमान 2 सेंमी येईल असा आकार घ्या आणि पट्टी न ताणता नुसती ठेवा. खाली खोबरेल तेल किंवा झिंकचं मलम लागलं असेल तर ती धरणारच नाही.

सगळ्यात महागात पडणारी चूक धुण्यात होते. आपल्याकडे जखम म्हटलं की हात हायड्रोजन पेरॉक्साइडकडे किंवा युसॉलकडे (क्लोरीनयुक्त जंतुनाशक द्रावणाकडे) जातो. ही दोन्ही औषधं नव्या पेशींना मारक आहेत, शिवाय या पट्टीसोबत ती वापरायची नाहीत, अशी कंपनीचीच सूचना आहे.

पट्टी 7 दिवसांपर्यंत ठेवता येते, पण हा आकडा धरून बसू नका. सुरुवातीला दर 2-3 दिवसांनी उघडून बघा. ओलसर डाग कडेपासून बोटभर अंतरावर आला की बदला. उशीर झाला तर कडेची कातडी पाण्यात भिजलेल्या बोटांसारखी पांढरी, सुरकुतलेली होते आणि जखम रुंदावते. काखेत आणि स्तनाखाली घामाने कडा गुंडाळल्या जातात, तिथे ही पट्टी कमी पडते. सुक्या, काळ्या खपलीवरही फोमचा उपयोग नाही. तिथे हायड्रोजेल, म्हणजे खपलीला ओलावा देणारं जेल लागतं. चांदीयुक्त प्रकार संसर्गाची लक्षणं असतील तेव्हाच घ्या, आणि एमआरआयच्या आधी तो काढा.

पट्टीने रक्तपुरवठा परत येत नाही, हे विकत घेण्याआधीच समजून घ्या. त्यासाठी बंद कक्षात दाबाखाली ऑक्सिजनचा उपचार असतो: हवेच्या नेहमीच्या दाबाच्या 2 ते 2.4 पट दाब, रोज साधारण 90 मिनिटं, 30 ते 40 बैठका. त्या कक्षात जाताना जखमेवर पेट्रोलियम जेलीसारखं काही चालत नाही, आगीचा धोका असतो. तेवढ्यानेही भागलं नाही तर रेडिएशन न लागलेल्या भागातून स्वतःच्या रक्तवाहिनीसह मांस-कातडी आणून बसवतात. नुसती पातळ कातडी लावली तर तिथे सहसा धरत नाही.

कडा उचललेल्या आणि टणक होत असतील, आत हाड दिसत असेल किंवा मानेच्या जखमेतून थोडंसं जरी रक्त आलं, तर पट्टी बदलत बसू नका. त्याच दिवशी कॅन्सरच्या डॉक्टरांना दाखवा; मानेतून रक्त आलं असेल तर लगेच रुग्णालय गाठा. आजार परतलाय का हे तपासावं लागतं, आणि तपासणीसाठी जखमेचा तुकडा (बायोप्सी) कुठून काढायचा हेही त्यांनीच ठरवायचं, कारण ती नवी जखमही भरायला तितकीच अवघड.

किंमत गॉजच्या कैक पट आहे. साधी पट्टी कापता येते, पण उरलेला तुकडा निर्जंतुक राहत नाही, म्हणून मोठी घेऊन पुरवण्यापेक्षा जखमेच्या मापाचीच घ्या.