प्रेग्नन्सी अ‍ॅप: एप्रिलपासून वापरतेय, पहिल्या तीन महिन्यांत काय कामाचं निघालं काय नाही

पाचपैकी तीन स्टार. नाव नाही लिहीत, कारण मैत्रिणींच्या मोबाईलमधली अजून दोन-तीन पाह्यली तं सगळे एकाच माळेचे मणी. एप्रिलमध्ये टेस्ट पॉझिटिव्ह आली त्याच रात्री डाऊनलोड केलं, आता सातवा सुरू आहे. पण माझं मत पहिल्या तीन महिन्यांवरूनच आहे, नंतर अ‍ॅपची तेवढी गरजच पडत नाही, पोट दिसतं, बाळ हलतं, लोक स्वतःहून दहा सल्ले देतात. सुरुवातीला बाहेरून काहीच दिसत नाही, घरचे म्हणतात तीन महिने कोणाला सांगू नको, आणि आतून जीव नुसता ढवळून निघत असतो, मग माणूस मोबाईल नाही उघडणार तं काय करणार.

आठवडे मोजायचं काम ते चोख करतं. शेवटच्या पाळीच्या पहिल्या दिवसापासून मोजतात, म्हणजे पाळी चुकते तेव्हाच चार आठवडे झालेले धरतात, पूर्ण हिशोब ४० आठवड्यांचा. सासूबाई महिन्यात विचारायच्या, डॉक्टर मॅडम आठवड्यात, आणि नवऱ्याला दोन्ही कळत नव्हतं, तं स्क्रीन दाखवली की विषय संपला. फॉलिक अ‍ॅसिडच्या गोळीचं रिमाइंडर पण कामाचं आहे, कारण बाळाच्या मेंदू-मणक्याची नळी साधारण सहाव्या आठवड्यापर्यंत बंद होऊन जाते, म्हणून ही गोळी खरं तर प्लॅनिंग सुरू असतानाच चालू करायची असते, ४०० मायक्रोग्रॅमची, स्वस्त असते, जेनेरिकमध्ये पण मिळते. अ‍ॅप मात्र आठव्या आठवड्यात महागड्या पावडरच्या डब्याची जाहिरात दाखवून राहिलं होतं.

आता तारखेचं. माझी पाळी ३५ दिवसांची आहे. अ‍ॅप नुसती एलएमपी, म्हणजे शेवटच्या पाळीची तारीख विचारतं आणि सगळ्यांना २८ दिवसांचं समजून चालतं, ३५ वालीचं बीज आठवडाभर उशिरा सुटतं हे त्याच्या गावीच नाही. त्याच्या हिशोबानी सातवा आठवडा सुरू होता आणि वर मोठ्या अक्षरात ‘आता बाळाचे ठोके दिसतील’. धंतोलीत सोनोग्राफीला गेले तं पिशवी दिसली, यॉक सॅक (बाळाला सुरुवातीला पोसणारी छोटी पिशवी) दिसली, ठोके नाही. मॅडम शांत होत्या, म्हणाल्या तुझी पाळी लांबते ना, मग हे लहानच असणार, दीड आठवड्यानी ये. तो दीड आठवडा कसा काढला ते माझं मला माहीत. अ‍ॅप तं रोज सकाळी पुढचा टप्पा दाखवून मोकळं व्हायचं. नंतरच्या सोनोग्राफीत ठोके आले, बाळाची लांबी मोजली (सीआरएल म्हणतात त्याला), त्यावरून तारीख पुढे सरकवली. पहिल्या तीन महिन्यांतल्या सोनोग्राफीवरून निघालेली तारीखच जास्त भरवशाची असते. अ‍ॅपमध्ये ती बदलता येते पण आपोआप नाही, सेटिंगमध्ये खाली जाऊन ‘स्कॅननुसार तारीख’ टाकावी लागते, ते आधी करा.

मळमळ. अ‍ॅपमध्ये मॉर्निंग सिकनेस वाचून वाटतं सकाळी होते आणि चहा पिऊन जाते. माझी दिवसभर होती, सहाव्या आठवड्यापासून जवळजवळ तेराव्यापर्यंत, आणि तेही नागपूरच्या मे महिन्यात! यांनी कूलरला नवीन खसच्या ताट्या लावल्या, पाणी सोडलं, आणि जो वास दरवर्षी मला सगळ्यात जास्त आवडतो त्याच वासानी मी बेसिनकडे पळाले. ताट्या काढून जुन्याच लावा म्हटलं तं हे माझ्याकडे पाहतच राहिले. त्यात नवतपा, म्हणजे मे अखेरचे सगळ्यात कडक उन्हाचे नऊ दिवस लागले, सासूबाईंनी ऊन लागू नये म्हणून पर्समध्ये पांढरा कांदा टाकून ठेवला, प्रेमानीच टाकला, पण बर्डीच्या मेट्रो स्टेशनवर पर्स उघडली आणि काय सांगू. आहाराच्या पानावर अ‍ॅवोकाडो, केल, सॅलमन. अरे बापा, मला फोडणीचा वास सहन होत नाही आणि तू सॅलमन सांगतो! मला चाललं ते म्हणजे उठायच्या आधी पलंगावरच मूठभर मुरमुरे-फल्लीदाणे, दर दोन तासांनी थोडंथोडं काही, थंड दहीभात, कैरीचं पन्हं घोटघोट. मॅडमनी रात्रीची गोळी दिली, डॉक्सिलामाइन आणि बी-सिक्स वाली, तिनी झोप खूप येते पण फरक पडला. मनानी नका घेऊ, विचारून घ्या.

पाण्याचं एवढ्या उन्हात अ‍ॅपनी काहीच सांगितलं नाही, फक्त ‘आठ ग्लास प्या’. प्यायलेलं टिकलं पाहिजे ना आधी. घोटभर पाणी पण दिवसभर टिकत नसेल, लघवी गडद पिवळी आणि कमी होत असेल, चक्कर येत असेल तं घरी बसून वाट नाही पाहायची, सलाईन लागू शकतं. मला एकदा लागलं. इथे अ‍ॅपचं डायरीवालं पान मात्र खरंच कामी आलं, कधी किती उलट्या, काय टिकलं, वजन किती उतरलं, सगळं मॅडमला तिथेच दाखवलं, आठवून सांगायच्या मनःस्थितीत मी नव्हतेच.

आणि सगळ्यात मोठी तक्रार, जिच्यामुळे स्टार कापले. चाचण्यांच्या यादीत हिमोग्लोबिन, ब्लड ग्रुप, शुगर, थायरॉईड, एचआयव्ही सगळं होतं, सिकलिंग, म्हणजे सिकलसेलची टेस्ट नव्हती. विदर्भात हे नसणं म्हणजे कमाल आहे, आपल्या भागात सिकलसेल (आईबापाकडून येणारा रक्ताचा आजार) किती आहे ते मेडिकल कॉलेजच्या ओपीडीत कोणालाही विचारा. मॅडमनी पहिल्याच चिठ्ठीत लिहिलं होतं. माझी सोल्युबिलिटी, म्हणजे सिकलसेलची पहिली साधी टेस्ट, पॉझिटिव्ह आली, मी रडायलाच बसले, पण त्या टेस्टवरून नुसतं हे कळतं की सिकलचं हिमोग्लोबिन आहे, वाहक आहे की आजार आहे ते इलेक्ट्रोफोरेसिस किंवा एचपीएलसी या पुढच्या रक्ततपासणीनी कळतं. त्यात मी एएस, म्हणजे नुसती वाहक, आजवर काहीच त्रास नाही म्हणून कधी कळलंही नाही. मग यांची तपासणी. दोघंही वाहक असले तं प्रत्येक बाळाला आजाराची शक्यता २५ टक्के, आणि गर्भाची तपासणी करायची असेल तं ती साधारण अकराव्या-बाराव्या आठवड्यापासून होते, म्हणून हे सगळं लवकर कळणं महत्त्वाचं. सातव्या महिन्यात कळून काय करणार? यांचा रिपोर्ट नॉर्मल आला, मग बाळ फार तर माझ्यासारखं वाहक असेल, आजार नसेल. नवरे लोक टाळतात ही टेस्ट, मला काय झालंय म्हणतात. न्या धरून.

कम्युनिटीचा सेक्शन बंद करून टाका. रात्री दोनला झोप येत नाही म्हणून उघडलं की कोणाला ब्लीडिंग झालं, कोणाची मळमळ अचानक थांबली, खाली पन्नास जणींचे पन्नास अंदाज. ब्लीडिंग किंवा एका बाजूला जोरात दुखणं हे डॉक्टरला फोन करायचं काम आहे. मध्येमध्ये ‘मुलगा की मुलगी ओळखा’ वाल्या क्विझ येतात. आपल्याकडे सोनोग्राफीला गेलं की लिंगनिदान बंदीच्या १९९४ च्या कायद्याचा बोर्ड भिंतीवर असतो आणि फॉर्म एफवर सही करावी लागते, आणि इथे खुशाल चायनीज कॅलेंडर!

माझ्या एका जवळच्या मैत्रिणीचं दहाव्या आठवड्यात गेलं. तिला त्यानंतर कितीतरी दिवस ‘या आठवड्यात तुमचं बाळ’ येत होतं, वर डायपरच्या जाहिराती. बंद करायचं बटण आहे पण इतकं आत आहे की त्या अवस्थेत कोण शोधेल. तिच्या भावानी शेवटी अकाउंटच उडवलं. यासाठी मी माफ नाही करणार.

सरकारी गोष्टींचं पण अ‍ॅपमध्ये नाव नाही. अंगणवाडीच्या ताईंनी माता-बाल कार्ड करून दिलं आणि मातृवंदना योजनेचं सांगितलं, पहिल्या बाळाला ५००० रुपये, दोन हप्त्यांत, ३००० आणि २०००. पात्रतेच्या अटी आहेत, त्यातली एक म्हणजे घरचं वर्षाचं उत्पन्न ८ लाखांच्या आत. नोंदणी लवकर करा, पहिला हप्ता वेळेत नोंदणी आणि तपासणी झाली असेल तरच मिळतो.

तर फ्री वालं घ्या, तारीख, गोळ्या आणि डायरी एवढ्यापुरतं वापरा. प्रीमियम मी घेतलं होतं, त्यात तेच लेख जाहिरातीशिवाय दिसतात, बाकी काही नाही. घेतलंच असेल आणि नको झालं असेल तं अ‍ॅप डिलीट केल्यानी पैसे कटायचे थांबत नाही, यूपीआयमध्ये ऑटोपेमध्ये जाऊन मॅन्डेट कॅन्सल करावं लागतं.