प्लँचेट बोर्ड : बोर्ड चांगला, आतला कागद फसवा

बेळगावातल्या टिळकवाडीच्या आमच्या हौशी नाटकाच्या ग्रुपला एकांकिकेतल्या एका सीनसाठी प्लँचेट बोर्ड, म्हणजे आत्म्यांना प्रश्न विचारायला अक्षरांवरून फळी सरकवतात तो बोर्ड, पाहिजे होता. गणपत गल्ली, खडेबाजार सगळीकडे विचारलं, कॅरम बुद्धिबळ हवं तेवढं मिळतं पण हे कोण ठेवत नाही, मग ऑनलाइन मागवला.

आधी वस्तूबद्दल सांगतो. एमडीएफचा जाड बोर्ड आहे, कडा नीट घासलेल्या, छपाई स्वच्छ. बदामाच्या आकाराची फळी आहे तिला खाली तीन फेल्टचे तुकडे लावलेत त्यामुळे ती एकदम अलगद सरकते, आपल्याकडे वाटी नाहीतर नाणं घेऊन करतात त्यापेक्षा कितीतरी सोपं. वरचं पॉलिश मात्र फार चकाकतं, तालमीत लाइट पडला की अक्षरंच दिसेनात, मॅट फिनिश पाहिजे होतं. आणि अक्षरं फक्त इंग्रजी, देवनागरी नाही.

आता तो आतला कागद. त्यात लिहिलंय की सेआन्स हा आत्म्यांना बोलवायचा प्राचीन मंत्रशब्द आहे. हे साफ खोटं आहे. सेआन्स हा साधा फ्रेंच शब्द, अर्थ बसणं, बैठक, मूळ लॅटिन सेदेरे म्हणजे बसणे. फ्रान्समध्ये आजही सिनेमाच्या खेळाला सेआन्स म्हणतात, संसदेच्या बैठकीलाही तोच शब्द. आत्म्यांना बोलवायची बैठक हा भुताखेतांचा अर्थ त्याला इंग्रजीत 19व्या शतकाच्या मध्यावर चिकटला. त्याच काळात, 1848 मध्ये, न्यूयॉर्क राज्यातल्या हाइड्सव्हिल गावात फॉक्स बहिणींच्या घरी टकटक आवाज यायला लागले आणि आत्मे बोलतात म्हणून गर्दी लोटली, पुढे घरोघरी टेबलाभोवती बसायचं फॅडच आलं. 1888 मध्ये त्यातल्याच मार्गारेटने भर सभेत सांगितलं की आवाज पायाच्या बोटांचे सांधे वाजवून काढत होतो, नंतर तिने ते मागे घेतलं, पण सांधे वाजवून तिने सगळ्यांसमोर दाखवलं होतं.

प्लँचेट शब्दही फ्रेंचच, अर्थ छोटी फळी, बस्स. कागदात पुढे या बोर्डाचं विजा (Ouija) हे नाव फ्रेंच 'वी' आणि जर्मन 'या', दोन्हींचा अर्थ 'हो', जोडून झालं असं ठोकून दिलंय, तेही चुकीचं. हा बोर्ड बाल्टिमोरमध्ये खेळ म्हणून विकायला काढला, 1891 मध्ये पेटंट मिळालं, आणि त्या काढणाऱ्यांचंच म्हणणं होतं की नाव बोर्डानेच अक्षरं जुळवून सांगितलं.

एवढ्यावर मी रेटिंग कमी केलं नसतं. पण शेवटी छापलंय, गेलेल्या माणसाशी खात्रीने बोला. ही ओळ वाचून मला खरंच राग आला. आपल्याकडे दहाव्याला कावळा शिवेपर्यंत घरातल्यांचा जीव टांगणीला लागलेला असतो, काय राहिलं असेल त्याच्या मनात म्हणून सगळे हात जोडून उभे असतात. अशा घरात कोणी हा बोर्ड घेऊन बसलं आणि फळी सरकून काहीतरी वाईट शब्द आला तर ती आई ते वर्षानुवर्षं मनात धरून बसेल की. दुःखातल्या माणसाला खात्री विकू नये.

फळी सरकते ती बोटांनीच, आपल्याला कळत नाही एवढंच. इंग्रज शास्त्रज्ञ फॅरेडेने 1853 मध्ये आत्म्यांच्या नावाने टेबल फिरवणाऱ्यांच्या हाताखाली सरकणारे पुठ्ठे लावून दाखवलं होतं की टेबलाच्या आधी हात हलतात. घरी बघायचं तर सगळ्यांच्या डोळ्यांवर पट्टी बांधा, बोर्ड न सांगता उलटा फिरवा आणि मग प्रश्न विचारा, अक्षरांचा नुसता खिचडा होतो, आम्ही तालमीत करून बघितलं.

नाटकाला घेणार असाल तर जरूर घ्या, पैसे वसूल आहेत, वरून मॅट स्प्रे मारा म्हणजे चमक जाते. बोर्डाला चार स्टार, कागदाला एकही नाही. विकणाऱ्याला मी मेसेज टाकलाय की निदान ती खात्रीवाली ओळ तरी काढा, अजून उत्तर नाही.